गाळातला धान

भंडाऱ्याजवळच्या आमच्या धान संशोधन केंद्रात नवा माणूस रुजू झाला, की पहिल्या आठवड्यात कोणीतरी त्याला बाजूला घेऊन सांगायचं, "काटेखाये बाईंशी जपून." मलाही सांगितलं गेलं. पण तोवर उशीर झाला होता. माझी मुलाखतच बाईंनी घेतली होती, आणि तीही चिखलात उभं राहून.

मी तुमसरची. वडील राइस मिलमध्ये फिटर. आमच्या घरात धान म्हणजे पोत्यातला. उभा धान मी फक्त बसच्या खिडकीतून पाहिलेला. जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. करून, इस्त्रीचे कपडे घालून, फाईल छातीशी धरून मी मुलाखतीला गेले. आम्ही काही उमेदवार व्हरांड्यात बसलो होतो. तिथं एक उंच, सावळ्या बाई आल्या. अंगावर सुती पातळ आणि त्यावर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, आमच्याकडे रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, बाया घालतात तसा. मला वाटलं, शेतावरच्या मुकादम असतील.

"चपला इथंच काढा," त्या म्हणाल्या, "न मागं या." आमच्याकडच्या बोलीत 'न' म्हणजे 'आणि'.

त्या म्हणजे डॉ. वेणू काटेखाये, केंद्रातल्या वनस्पतीशास्त्रज्ञ. आम्ही त्यांच्यामागे धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चालत एका बांधीत उतरलो. बांधी म्हणजे धानाचा एक वाफा, चारी बाजूंनी बांध घातलेला. बाईंनी एका चुडातून, म्हणजे रोपांच्या जुडग्यातून, एक नळी उपटली. कांद्याच्या पातीसारखी पोकळ, फिकट चंदेरी. "हे काय होय?"

एकानं इंग्रजी नाव सांगितलं. मिलवर येणाऱ्या शेतकऱ्यांच्या तोंडून ऐकलेला शब्द मी सांगितला, "पोंगा."

"आत कोन हाय?"

"अळी असेल."

"असन कायले? काढून दाखव."

मी नखानं नळी चिरली. तळाशी किडा होता. बाईंनी आमच्याबरोबर आलेल्या कारकुनाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हिले घ्या." माझी फाईल शेवटपर्यंत कोणी उघडली नाही.

तो किडा म्हणजे गादमाशीचं पिल्लू. डासाएवढी माशी. पानावर अंडी घालते, अळी आत कोंभापर्यंत शिरते, आणि जिथून लोंबी यायची तिथून ही पोकळ नळी येते. बांधी दुरून हिरवीगार दिसते. जवळ जाऊन पाहावं तर दाण्याचा पत्ता नाही. आमच्या जिल्ह्याला हा जुना शाप आहे. वेणूबाईंनी आपली सगळी नोकरी या एका माशीमागे घातली. लोक त्यांना हैदराबादला बोलवत, परदेशी जा म्हणत. त्या म्हणत, "माशी इथं हाय. मी तिथं जाऊन काय करू?"

बाई मोहाडी तालुक्यातल्या करडीच्या. घरी पिढ्यान्पिढ्या धानाची शेती. त्यांचं शिक्षण कसं झालं, लग्न का झालं नाही, हे मी कधी विचारलं नाही. एकदाच त्या आपणहून बोलल्या होत्या. कृषी महाविद्यालयात जायचं ठरलं तेव्हा त्यांचे मोठे काका म्हणाले होते, रोवणीच करायची तर डिग्री कशाला पाहिजे. बाईंनी त्यांना उत्तर दिलं होतं, "रोवनी मी कराचीच हाव काकाजी. काय रोवाचं ते मी ठरवीन."

त्यांचे शोधनिबंध इंग्रजीत असत आणि ते इंग्रजी इतकं स्वच्छ होतं, की आम्ही ते नमुना म्हणून वाचत असू. पण तोंडानं मात्र त्या कुठंही झाडीबोलीच बोलायच्या, बाईमाणसानंही 'मी करतो' म्हणायची आमच्या भागातली बोली. पुण्याच्या बैठकीत, मुंबईहून आलेल्या सचिवांसमोर, सगळीकडे. एका परिषदेत जेवताना कोणीतरी हसत विचारलं, "काटेखाये म्हणजे काय हो नेमकं?" बाई ताटातून मान वर न करता म्हणाल्या, "काटे खातो आमी. तुमच्याकडं फुलं खात असतीन."

त्यांचा डबा हीसुद्धा केंद्रात एक चर्चेची गोष्ट होती. भात आणि लाखोरीची डाळ. त्या वेळी लाखोरीच्या विक्रीवर बंदी होती. ती खाऊन पायांतली ताकद जाते असं म्हणत. बाई ती भिजवून, पाणी फेकून, मग शिजवत आणि पाहुण्यांनाही वाढत. एकदा एका मोठ्या अधिकाऱ्यानं वाटीत पाहून विचारलं, "मॅडम, यावर बंदी आहे ना?" बाई म्हणाल्या, "इकावर बंदी हाय. माह्या डब्यावर नाई. आमच्या गावातले सगळे खाऊन चालून राहिले. तुमी खा, न चालत जा." त्यांनी खाल्ली, आणि चालत गेले.

हे सगळं गमतीचं वाटतं. पण मी रुजू झाल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी जे झालं, ते गमतीचं नव्हतं.

आमच्या संचालकांच्या देखरेखीखाली एक नवा वाण तयार झाला होता. उत्पादन चांगलं, दाणा बारीक, आणि गादमाशीला दाद देत नाही असा दावा. इतर जिल्ह्यांतल्या चाचण्यांत तो दावा खराही उतरला होता. पण बाईंच्या बांधीत, भंडाऱ्याच्या माशीपुढे, तो वाण टिकला नाही. माशीचे प्रकार असतात. एका ठिकाणची माशी ज्या धानापुढे हरते, त्याच धानाला दुसऱ्या ठिकाणची पोकळ करून टाकते. बाईंनी पुन्हा लावून पाहिला. पुन्हा पोंगे.

वाण प्रसारित करण्याआधी बैठक झाली. मी आकडे पडद्यावर दाखवायला होते, म्हणून हे मी स्वतः ऐकलं. संचालक शांत, गोड बोलणारे गृहस्थ होते. ते म्हणाले, "काटेखाये मॅडम, तुमच्या बांधीत त्या वर्षी पाण्याचा ताण होता. ती चाचणी अयशस्वी धरू आणि अहवालातून वगळू. एवढ्यासाठी सगळं अडायला नको."

"पान्याचा ताण नोहता," बाई म्हणाल्या. "पानी मी सोता सोडलं हाय."

"मग मजुरांची काही चूक असेल."

"आकडे चुकले असतीन तं कुठं चुकले ते दाखवा, मी इथंच खोडतो. चुकले नसतीन तं ते माहे नाई न तुमचे बी नाई. ते त्या बांधीचे होत. ते काढाचा हक्क मले कोनं देल्ला?"

संचालकांनी कागद सारखे केले. "तुम्ही एकट्याच विरोधात आहात हे लक्षात येतंय ना तुमच्या?"

"येते ना. तसंच लिहा. काटेखाये एकटी विरोधात होती."

वाण प्रसारित झाला. महिन्याभरात बाईंची प्रयोगशाळा मुख्य इमारतीतून हलवली गेली. कारण सांगितलं ते जागेच्या टंचाईचं. नवी जागा म्हणजे मागच्या बाजूची टिनपत्र्याची कोठी, जिथं आधी खतांची पोती असत. शीतगृहातले बाईंचे बियाण्यांचे खोकेही बाहेर काढले, कारण तिथं आता नव्या वाणाचं मूळ बियाणं ठेवायचं होतं. बढतीसाठी बाईंचं नाव पुढं गेलंच नाही.

मला वाटलं होतं बाई वरच्या कार्यालयात तक्रार करतील, निदान चिडतील तरी. त्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि झाडू मागवला. कोठीला चुना मारला. पत्र्यावर तणस, म्हणजे धानाचा पेंढा, पसरून वरून पाणी मारायची सोय केली. डीएनए तपासायचं यंत्र ज्या टेबलावर ठेवलं, त्याच्याखाली युरियाचा वास शेवटपर्यंत येत राहिला. कोणी भेटायला आलं की बाई दार उघडून सांगत, "या. खताच्या कोठीत धान चांगला वाढते."

पण पत्र्याच्या कोठीत आमचा मे महिना कसा असतो, हे बाहेरच्याला सांगून कळणार नाही. बियाणं एका जुन्या फ्रीझरमध्ये होतं. त्यात एक पाकीट असं होतं, की ज्याच्यावर बाईंची सगळी पुढची वर्षं अवलंबून होती. करडीच्या तलावाच्या काठाला देवधान उगवतो. हा रानटी धान. तो कोणी पेरत नाही, त्याचे दाणे पिकताच गळून पाण्यात पडतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा उगवतात. काही घरांत उपासाला तो वेचून आणतात. बाईंना त्या देवधानात काही झाडं अशी सापडली होती, की त्यांना एकही पोंगा नव्हता, आणि भोवतालची झाडं पोंग्यांनी भरलेली. भंडाऱ्याच्याच माशीला भंडाऱ्याच्याच तलावातलं उत्तर. त्या झाडांचं बियाणं आणि लागवडीच्या धानाशी केलेल्या पहिल्या संकराचं बियाणं, दोन्ही त्या फ्रीझरमध्ये होतं.

आम्ही एका प्रशिक्षणासाठी बाहेरगावी असताना मागचा ट्रान्सफॉर्मर जळला. मुख्य इमारतीला जनरेटर होता; कोठीला तो जोडलेला नव्हता. आम्ही परतलो तेव्हा फ्रीझरच्या खाली पाणी साचलं होतं आणि पाकिटांना बुरशीचा वास येत होता. बाईंनी दाणे ओल्या कागदावर ठेवून वाट पाहिली. एकही कोंब आला नाही.

त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा काही न करता बसलेलं पाहिलं. स्टुलावर, हात मांडीवर. मी चहा आणला तो निवून गेला. मग त्या उठल्या, तो निवलेला चहा एका घोटात प्यायल्या आणि म्हणाल्या, "तलाव तं हाय ना. चाल करडीले."

आम्ही करडीला पोहोचलो तेव्हा तलावात मशीन चालू होतं.

उन्हाळ्यात तलाव आटला होता आणि गावानं गाळ काढायला घेतला होता. खोदणारं यंत्र पिवळ्या हातानं गाळ उचलत होतं, ट्रॅक्टर भरभरून निघत होते. अर्धा तलाव झाला होता. ज्या पूर्वेच्या कोपऱ्यात तो देवधान उगवायचा, तो अजून शिल्लक होता. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, छत्री धरून उभा असलेला माणूस म्हणजे बाईंचा धाकटा भाऊ, सुखदेव. तलावाच्या पाण्यावर शेती करणाऱ्यांच्या समितीचा तो अध्यक्ष होता.

"सुखदेव, तो कोपरा सोड," बाई म्हणाल्या.

"काहून?"

त्यांनी सांगितलं. सुखदेवभाऊंनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "तुले गवत पाह्यजे, आमाले पानी पाह्यजे. तो देवधान पान्यासंगं आमच्या बांधीत येते, धानात मिसळते. दरसाल आमच्या बाया त्याले उपटून उपटून थकतेत. न तू म्हनतं ठेवा. गावाले काय सांगू मी? माह्या बहिनीसाठी तन जपा?"

"तन नोहय ते."

"आमच्यासाठी तनच होय."

बाईंनी वाद थांबवला. चपला काढल्या, पाळीवरून खाली उतरल्या, सुकलेल्या गाळातून चालत त्या कोपऱ्यात गेल्या आणि आपली छत्री उघडून यंत्रासमोर उभ्या राहिल्या. मीही गेले. यंत्रवाला मुलगा हिंदीत म्हणाला, "बाईजी, हटो, मेरा टाइम जा रहा है." बाई म्हणाल्या, "जाने दो." आम्ही भेगाळलेल्या गाळात बोटं घालून दाणे शोधत होतो, पण वाऱ्यानं आणि गुरांच्या खुरांनी ते कुठल्या कुठं गेले होते. जे मिळाले त्यात फोलपटंच जास्त. पाळीवर गाव जमलं. कोणी शिव्या दिल्या नाहीत, पण कोणी आमच्या बाजूनंही बोललं नाही. ऊन कलल्यावर यंत्रवाला यंत्र बंद करून गेला, तेव्हाच बाई तिथून हलल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा कोपरा खोदलेला होता. उजाडायच्या आतच त्यांनी काम उरकलं होतं. सुखदेवभाऊ पाळीवर बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. मला वाटलं, आता बाईंचा तोल जाईल. सख्ख्या भावानं हे केलं होतं. बाईंनी खड्ड्याकडे पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला.

"इथला गाळ कुठं टाकला?"

"कुठं म्हंजे? बांधीत. खत होते त्याचं. ज्याईनं ज्याईनं ट्रॅक्टर लावला त्याईच्या बांधीत."

"तुह्या बी?"

"माह्या बी."

आणि वेणूबाई हसल्या. त्या परिस्थितीत ते हसू इतकं अनपेक्षित होतं, की सुखदेवभाऊ उठून उभे राहिले.

"मंग झालं तं," बाई म्हणाल्या. "आता तो देवधान तुमच्या सगळ्याईच्या बांधीत उगवन. तुमी त्याले तलावातून काढलं न घरी नेऊन पेरलं. पावसात येतो मी, पाहाले."

तसंच झालं. त्या पावसाळ्यात, रोवणी होऊन धान पाय धरू लागला तसा करडीच्या बांध्यांमधून देवधान वर आला, आधी कधी आला नव्हता इतका. गाव चिडलं, आणि चिडलं ते बाईंवरच, जणू त्यांनी शाप दिला होता. बाई सुट्टीच्या दिवशी सकाळच्या बसनं जायच्या आणि सरळ बांधीत उतरायच्या. "मी तुमचं निंदन करतो," त्या म्हणत, "मजुरी नोको. फक्त मी ज्याले हात लावू नोका म्हनन त्याले लावू नोका." निंदणाऱ्या बायांच्या ओळीत त्या वाकून पुढं सरकत. देवधानाचं प्रत्येक झाड हातात घेऊन, फुटवे वेगळे करून पाहायचं. पोंगा दिसला की उपटून धुऱ्यावर फेकायचं. मी त्यांच्या शेजारच्या ओळीत असे. कंबर धरे, पाय पाण्यानं पांढरे पडत, आणि धुऱ्यावरचा ढीग वाढत जाई. सगळ्या झाडांना पोंगे होते. बायांपैकी एक म्हणाली, "बाई, तुमाले पाह्यजे ते झाड आमीच मागच्या साली उपटून टाकलं असन." बाई म्हणाल्या, "असन. पन त्याचे दाने त्याच्या आधीच गळले असतीन. गळाची त्याची खोडच हाय."

ते वर्षच गादमाशीचं होतं. आणि संचालकांचा तो वाण आमच्या जिल्ह्यात जिथं जिथं लावला होता, तिथं तिथं बांध्या पोकळ झाल्या.

एका दुपारी पवनीकडचा एक शेतकरी केंद्रात आला. संचालक दौऱ्यावर होते. कोणीतरी त्याला मागं कोठीकडे पाठवलं. पन्नाशीचा माणूस, स्वच्छ धोतर, हातात पोंग्यांची पेंढी. त्यानं ती बाईंच्या टेबलावर आपटली.

"हे पाहा तुमचा धान. माशी लागत नाई म्हने. कोनं सांगतलं होतं आमाले? तुमी केंद्रवाल्याईनं. तुमी काय इथं बसून पगार खाता का फक्त?"

तो बोलत राहिला. बाई उभ्या राहून ऐकत होत्या. मी मधे बोलायला तोंड उघडलं; बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी ते मिटलं. त्याचं बोलून झाल्यावर त्यांनी त्याला बसवलं, पाणी दिलं. एकेक पोंगा चिरून आतल्या किती अळ्या जिवंत आहेत ते पाहिलं. कुठली बांधी अजून वाचू शकते, तिथं काय करायचं, पुढच्या हंगामात लवकर कोणता जुना धान रोवायचा, हे त्याच्या डोक्यात बसेपर्यंत सांगितलं. फाटकापर्यंत त्याच्याबरोबर चालत गेल्या.

परत आल्यावर मी म्हणाले, "बाई, तुम्ही एकट्या विरोधात होतात हे त्याला कळायला नको होतं का?"

"त्यानं त्याच्या लोंब्या भरनार होत्या का?" त्या म्हणाल्या. "तो केंद्रावर चिडला होता. मी केंद्रात नोकरी करतो ना?" मग थोड्या वेळानं, पोंगे गोळा करता करता म्हणाल्या, "चिडला ते बरं झालं. लोक चिडले नाई तं केंद्रवाले पुन्हा तेच देतीन."

संचालकांनी त्यानंतर बाईंना बोलावून घेतलं. काय बोलणं झालं ते बाईंनी सांगितलं नाही. एवढंच कळलं, की कोठीला जनरेटरची वायर देऊ केली होती आणि बाई म्हणाल्या होत्या, "वायर द्या. पन माहं मत मी बदलत नाई."

पोळा होऊन गेला होता तेव्हाची गोष्ट. करडीतल्या जवळजवळ सगळ्या बांध्या पाहून झाल्या होत्या. सुखदेवभाऊंची बांधी बाईंनी मुद्दाम शेवटी ठेवली होती. मला वाटतं, कोपरा खोदला त्या दिवसापासून दोघांचं नीट बोलणं नव्हतं. आम्ही उतरलो तेव्हा सुखदेवभाऊ आधीच आत होते, एका ठिकाणी वाकून उभे.

"वेणू," ते म्हणाले, "हे पाह्य जरा. मी सकाळपासून पाहून राहिलो. मले तं याच्यात पोंगा दिसून नाई राहिला."

बाई घाईनं गेल्या नाहीत. नेहमीच्याच चालीनं चिखल तुडवत गेल्या. वाकल्या. एकेक फुटवा बोटांनी वेगळा करत सगळं झुडूप पाहिलं. मग पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. शेजारच्या धानात पोंगे चकाकत होते, आणि हे रांगडं, पसरट, जांभळट बुडाचं झाड शाबूत उभं होतं. बाजूलाच त्याच्यासारखी आणखी काही होती.

"काढू का ठेवू?" सुखदेवभाऊंनी विचारलं.

"हात लावशील तं पाह्य," बाई म्हणाल्या. त्यांनी शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. बाहीला चिखल होता, तो गालाला लागला. भाऊ बहिणीकडे न बघता दुसरीकडे बघत राहिला.

दाणे पिकले की गळणार, म्हणून लोंब्यांना पिशव्या बांधायला हव्या होत्या. सुखदेवभाऊंच्या बायकोनं जुन्या धोतराच्या मऊ कापडाच्या पिशव्या शिवल्या. सुखदेवभाऊंनी त्या झाडांभोवती बांबूचं कुंपण केलं आणि पाखरं हाकायला स्वतः बसले. "मधात गवत न त्याले पहारेकरी," ते मला म्हणाले. "समितीचा अध्यक्ष हावो मी. गाव हासून राहिलं." पण उठले नाहीत.

त्यानंतरचं काम लांबलचक आणि कंटाळवाणं होतं, आणि माझ्या आयुष्यातली तीच वर्षं मला सगळ्यांत चांगली वाटतात. देवधानाचा आपल्या धानाशी संकर करणं सोपं. अवघड ते पुढचं. माशीला हरवणारा एक गुण येतो, पण त्याबरोबर रानटीपणा सगळा येतो. दाणे गळतात, लांब कुसं येतात, झाड लोळतं. म्हणून त्या संकराचा पुन्हा आपल्या धानाशी संकर करायचा, मग पुन्हा, आणि दर वेळी शेकडो रोपांतून तो एक गुण शाबूत असलेली रोपं निवडायची. रोपाच्या पानाचा तुकडा कापून, त्यातलं डीएनए वेगळं करून, यंत्रावर पाहायचं काम माझं. पडद्यावर पाहिजे तिथं रेघ आली की मी बाईंना हाक मारायची. त्या यायच्या, बघायच्या, आणि म्हणायच्या, "रेघ ठीक हाय. आता माशीले विचारू." आणि ती रोपं नेऊन माशीच्या पिंजऱ्यात ठेवायच्या. यंत्राचं उत्तर त्यांनी कधीच शेवटचं मानलं नाही.

जुने संचालक निवृत्त झाले, नवे आले. नवे तरुण होते आणि बाईंना मानत. बाईंच्या निवृत्तीला थोडाच काळ उरला असताना तो धान तयार झाला. दाणा गळत नव्हता, झाड ताठ उभं राहत होतं. कागदावर त्याला लांबलचक क्रमांक होता. सुखदेवभाऊ त्याला 'गाळातला' म्हणायचे आणि करडीत तेच नाव रूढ झालं. वरच्या कार्यालयातून कोणीतरी बाईंचंच नाव द्यायचं सुचवलं. बाई म्हणाल्या, "मी मेल्यावर त्याले माशी लागली तं लोक मले शिव्या देतीन. नोको."

शेवटची मोठी चाचणी लावायची होती तेव्हा नव्या संचालकांनी प्रेमानंच सांगितलं, की चांगल्या बांधीत, वेळेवर रोवू. पाहुणे येणार आहेत. बाईंनी नकार दिला. उशिरा रोवलेल्या धानाला गादमाशी सगळ्यांत जास्त लागते. बाईंना तो धान उशिरा, सखल बांधीत, पोंग्यांसाठी बदनाम असलेल्या वाणाच्या दोन ओळींच्या मधे रोवायचा होता.

"मॅडम, आपल्याच वाणाला कोणी असं वागवतं का?" संचालक म्हणाले.

"आपलाच हाय म्हून तं," बाई म्हणाल्या. "मराचा असन तं इथं मरू द्या. लोकाईच्या बांधीत नोको."

ती रोवणी होण्याआधीच त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या समारंभाला शर्ट घालूनच आल्या, हार घेतला, आणि भाषण करा म्हटल्यावर म्हणाल्या, "शेवटच्या बांधीत पानी सोडा, वाळून राहिली." मग चाचणीचं काम माझ्याकडे आलं. माझे यजमान जवाहरनगरच्या दारूगोळा कारखान्यात होते आणि त्यांची दुसऱ्या राज्यात बदली झाली होती. नोकरी आणि क्वार्टर सोडायला मला थोडे दिवस उरले होते आणि मी ते दिवस बांधीतच घालवत होते.

केंद्रातल्या माझ्या शेवटच्या दिवशी पाहुणे आले होते. वरच्या कार्यालयाची समिती, छत्र्या, गमबूट. रिमझिम चालू होती. दोन्ही बाजूंच्या ओळी पोंग्यांनी चंदेरी झाल्या होत्या आणि मधे बाईंचा धान हिरवा, भरगच्च उभा होता. दुरून बघणाऱ्यालाही फरक कळत होता. समितीतले एकजण मोबाइलवर फोटो काढत होते. संचालक समाधानानं बोलत होते.

बाईंकडे आता फाटकावर दाखवायचा पास नव्हता, म्हणून त्या मागच्या शेतांतून, धुऱ्याधुऱ्यानं आल्या. पातळ खोचलेलं, अंगात तोच शर्ट. कोणाला नमस्कार न करता बांधीत उतरल्या आणि ओळीच्या टोकापासून सुरुवात केली. चूड धरायचा, फुटवे वेगळे करायचे, पाहायचं, पुढं जायचं. पाहुण्यांनी विचारलं, या कोण. संचालकांनी सांगितलं. सगळे थांबून बघू लागले.

बऱ्याच वेळानं बाई एका जागी थांबल्या. वाकूनच राहिल्या. मग त्यांनी हात वर केला. हातात एक पोंगा होता.

संचालक चटकन म्हणाले, "मॅडम, ते भेसळीचं झाड असणार. शेजारच्या ओळीतलं बी पडलं असेल. धरू नका ते."

"भेसळ असन तं पानं नेऊन तपासा," बाई म्हणाल्या. "तपासून पाहेपरेंत हे माह्या धानातलं होय."

त्यांनी नखानं पोंगा चिरला, आतल्या किड्याकडे डोळे बारीक करून पाहिलं, आणि मग माझ्याकडे वळल्या. "ज्योती, लिही. एक."

मी लिहिलं. समितीतल्या मोबाइलवाल्या गृहस्थांनी फोन खिशात ठेवला. पाऊस थोडा वाढला तसे पाहुणे शेडकडे वळले. संचालक आम्हाला हात करून बोलावत होते. बाईंनी तिकडे पाहिलं नाही. त्या पुढच्या चुडाकडे वाकल्या होत्या. पाठीवर भिजलेला शर्ट चिकटला होता आणि त्या ओळीतून, त्याच चालीनं, पुढं पुढं जात राहिल्या, आणखी सापडतो का ते पाहत.